मामांचं विमान आणि सांगलीचं फाटक

विमान हे आकाशात उडण्यासाठी नसून जमिनीवर उतरल्यावर भांडण्यासाठी असतं, अशी ठाम समजूत असलेला माणूस साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमच्या लग्नाच्या बैठकीत 'मुलीच्या मामाचं स्वतःचं विमान आहे' असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा माझ्या वडिलांना ती शुद्ध थाप वाटली. वाटणारच की हो! सातारला आमच्या आळीत फटफटी घेतलेला माणूससुद्धा आठवडाभर मान वर करून चालायचा. पण थाप नव्हती. मामा लष्करात विमानं दुरुस्त करता करता ती चालवायला शिकले, पेन्शन घेऊन कुंडलला आले, ऊस लावला, आणि उसाच्या पैशातून एका बुडत्या फ्लाइंग क्लबाचं दोन माणसांचं जुनं विमान उचलून आणलं. सांगलीबाहेरच्या धावपट्टीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते दावणीला बांधल्यासारखं दोरांनी बांधलेलं असे. बेंदराच्या दिवशी मामा आधी घरच्या बैलांना पुरणपोळी भरवत आणि मग एस.टी.नं सांगलीला येऊन विमानाच्या पंख्याला गोंडा बांधत. "ह्येनं काय पाप केलंय? ह्ये बी राबतंयच की!" असं त्यांचं म्हणणं. विमान चालवतानाही नेसूला धोतर आणि अंगात लष्करी कोट. धोतराचा सोगा पायाखालच्या दांड्यांत अडकू नये म्हणून मामा तो कमरेला असा काही कचकचून खोचत, की कुस्तीला निघाल्यासारखे दिसत.

कुस्ती व्हायचीच म्हणा. विमान उतरवलं की पैसे, उभं केलं की पैसे, रात्री मुक्काम केला की आणखी पैसे, ही कल्पनाच मामांना सोसत नसे. एकदा हौसेनं मला मोठ्या शहरातल्या विमानतळावर घेऊन गेले होते. तो प्रवास मी अजून विसरलेलो नाही, आणि तो विमानामुळे नव्हे. उतरल्याबरोबर तिथल्या कारकुनानं पावतीपुस्तक काढलं. झालं! मामांनी त्याच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि विचारलं, "उतरायचं भाडं घेताय, म्हंजे मी न उतरता वरच्या वर माघारी गेलो असतो तर तुमी मला पैसं दिलं असतं व्हय?" कारकून बिचारा नियम सांगत राहिला. मग चाकांखाली ठोकळे लावण्याचे पैसे वेगळे, असं त्यानं चाचरत सांगितलं. मामा तडक विमानापाशी गेले, बैठकीमागचं गोणपाट ओढलं आणि त्यातून कृष्णाकाठचे दोन गुळगुळीत धोंडे काढून स्वतःच चाकांखाली सारले. मी लाजेनं एका खांबामागे उभा होतो. शेवटी पैसे भरावे लागलेच, ते नेहमीच भरावे लागत. पण निघताना मामांनी त्याच कारकुनाच्या हातात गुळाची ढेप ठेवली आणि थोरल्या मुलीचं लग्न जमलं का, अशी चौकशी केली. एवढ्या भांडणात त्याला मुलगी आहे हे यांनी कधी काढून घेतलं, देव जाणे. भांडण ही मामांच्या लेखी ओळख करून घ्यायची पद्धत होती.

साऱ्या जगाशी भांडणारा हा माणूस एकाच व्यक्तीपुढे गप्प बसे, ती म्हणजे आमच्या मामी. विमान आलं त्या दिवसापासून मामींना एकदा वर न्यायचं, हे मामांचं वेड होतं. गावातली निम्मी माणसं बसून आली, तलाठी बसून आला, मी बसून आलो, मामी मात्र म्हणत, "आवं, म्हशी कोण बघंल?" कित्येक वर्षांनी एकदाच्या त्या तयार झाल्या. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या, दशम्या बांधून घेतल्या आणि मामांबरोबर सांगलीला गेल्या. नेमकं त्याच सुमाराला धावपट्टीवर नवे साहेब बदलून आले होते. तरुण, कडक, नियमाला पक्के. त्यांनी भोवती तारेचं कुंपण घातलं होतं, फाटक बसवलं होतं, आणि पास नसेल त्याला विमानापर्यंत जाऊ द्यायचं नाही असा हुकूम काढला होता. मामांकडे पास होता, मामींकडे नव्हता. मामा भांडले, अगदी जन्मात भांडले नव्हते तसे भांडले, पण साहेब हटेनात. मामी तोवर डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात फाटकाबाहेर उभ्या. बघे जमले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. तशा मामी शांतपणे म्हणाल्या, "चला माघारी. ह्या फाटकातनं मी कंदी आत जायची न्हाई." दुसऱ्या दिवशी पास मिळत होता, पण मामींनी शब्द दिला तो दिला.

त्यानंतर मामा मला भेटले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. "जावईबापू," ते म्हणाले, "मला लय जणांनी अडीवलं. त्येचं काय न्हाई. पर तिला उन्हात उभी केली हो!" त्यांचे डोळे भरून आले होते.

महिना-दीड महिना गेला आणि सातारला माझ्या नावानं तार आली: रविवारी सकाळी सांगलीच्या फाटकापाशी थांबा. मी मुकाट्यानं पहिली एस.टी. पकडून गेलो, थांबलो. मामांनी पहाटेच विमान बाहेर काढून नेलं होतं, असं पहारेकऱ्याकडून कळलं. थोड्या वेळानं ते कुंडलच्या दिशेनं घोंघावत आलं, उतरलं, आणि त्यातून आधी मामा उतरले, आणि मग त्यांच्या हाताला धरून मामी! मी उडालोच. कुंडलला मामांचा खडकाळ माळ होता. त्यातले धोंडे गावच्या पोरांना हाताशी धरून यांनी वेचून काढले होते, वारा कळावा म्हणून बांबूला आपलं धोतर बांधलं होतं, आणि मामींना तिथूनच वर उचललं होतं. मामी अनवाणी होत्या. देवळात शिरावं तशा चपला काढून त्या विमानात चढल्या होत्या, आणि चपला राहिल्या माळावर.

साहेब धावत आले. "या बाई आत कशा आल्या?"

"वरनं," मामा म्हणाले. "फाटकातनं आत यायला पास लागतो, ही तुमची ऑर्डर. ही फाटकातनं आलीच न्हाई."

साहेबांची नजर तापल्या डांबरावरच्या मामींच्या पावलांकडे गेली आणि तो कडक माणूस एकदम ओशाळला. "मावशी, आधी सावलीत चला," तो म्हणाला. त्यानं त्यांना आपल्या खोलीत नेलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. मामी सावकाश पाणी प्यायल्या, त्यांनी त्याच्या आईची चौकशी केली, आणि त्यानंच उघडून धरलेल्या फाटकातून ताठ मानेनं बाहेर आल्या. मामा इतके खूश होते की वाटेत त्यांनी टांगेवाल्याशीही भांडण काढलं नाही.

पुढे दोन-तीन वर्षं मामी माळावरूनच विमानात बसत. मग दुष्काळानंतर नदीचं पाणी उचलून वर आणायची योजना झाली आणि कुंडलच्या त्या माळापर्यंत पाट आला. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवलं नव्हतं, तिथं ऊस होणार होता! मामांनी आपल्या धावपट्टीवर स्वतः नांगर धरला. आनंद तर होताच, पण बांधावर माझ्याशेजारी येऊन बसले तेव्हा हळूच म्हणाले, "आता तुमची मामी काय वर येत न्हाई."

भाकरी घेऊन आलेल्या मामींनी ते ऐकलं. पहिलं पाणी सोडलं त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "आवं, माझा पास काढा."

"आन् तुजा शबुद?"

"मीच दिल्याला, मीच माघारी घेती. माळाला पाणी लागलंय, त्ये मला वरनं बगायचंय."

मामी पास घेऊन आल्या त्या दिवशीही मी फाटकापाशी होतो. मामी पुढे चालल्या होत्या, मामा दोन पावलं मागे. साहेबांनी पास न बघताच फाटक उघडलं, तर मामींनी थांबून तो त्यांना दाखवला आणि मगच आत गेल्या.

परत आल्यावर मी विचारलं, "काय मामी, दिसलं का?"

त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "समद्या सऱ्या पाण्यानं भरल्यात, जावईबापू. ऊन पडलं का चकाकतंय. सकाळी त्यात पाय घालून उभी व्हते, तरी खरं वाटत न्हवतं बगा. वरनं बघितलं, तवा वाटलं."