अंड्याची टोपी

न्याहारीच्या टेबलावरची ती विणलेली गोल वाटी म्हणजे अंडं गरम ठेवायची टोपीच, असं इड्वलला वाटलं आणि त्याने ती आपल्या अर्धवट खाल्लेल्या अंड्यावर चढवली. पिवळा बलक दोऱ्यात मुरला, तेव्हा त्याची बायको आयर्लिस ओरडली, "अरे मूर्खा, ती मेरेदची छाती आहे!"

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा स्तन काढावा लागतो, अशा बायकांसाठी आयर्लिस अकरा वर्षं मऊ सुताचे स्तन विणत होती. अगदी शेवटी आत कापूस भरायचा आणि फुकट देऊन टाकायचा. सांधेदुखीने बोटं वाकडी झाली होती, पण वेल्समधल्या त्या खेड्यात कॅन्सरशी भांडायला तिच्याकडे दोन सुयाच होत्या. आजारपणानंतर मेरेद उद्या पहिल्यांदाच चर्चच्या गायकांमध्ये उभी राहणार होती.

दोनदा धुऊनही फिकट पिवळा डाग राहिलाच. आयर्लिसने नव्याने विणायला घेतलं. मधूनमधून ती बोटं चोळायची, ते इड्वलला बघवेना. सुताचा गुंडा हातात धरून तो अपराधी आवाजात म्हणाला, "अगं, राहू दे ना. कपड्याच्या आतला एवढासा डाग कोण बघणार आहे?"

सुया न थांबवता आयर्लिस म्हणाली, "मेरेद."