गाढविणीच्या दुधाचे आठ दिवस

“मग दूध किती दिवस बंद ठेवायचं, डॉक्टर?” मल्लिनाथअप्पांनी विचारलं तेव्हा माझा डावा हात सहाव्या गाढविणीच्या तोंडात होता आणि उजव्या हातात घोड्यांच्या जंताच्या पेस्टची सिरिंज होती.

“आठ दिवस,” मी म्हणालो.

हा आकडा मी कुठं वाचला नव्हता. कुणी मला सांगितला नव्हता. गाढविणीच्या जबड्यात हात असताना मी तो तयार केला.

मी सरकारी पशुवैद्यक. आमच्या भागात घोडे म्हणजे वरातीच्या चार-दोन घोड्या. गाढवांसाठी वेगळी पेस्ट मिळत नाही, घोड्यांचीच वापरतो. सिरिंजच्या दांड्यावर वजनाचे आकडे असतात. जनावराचं वजन अंदाजायचं, तेवढ्यावर रिंग फिरवायची आणि पेस्ट जिभेच्या मुळाशी सोडायची. हे औषध रक्तात जातं, आणि दुभत्या जनावराच्या रक्तातलं दुधातही उतरतं. म्हणून औषधानंतर काही काळ दूध विकायचं नसतं. त्याला आम्ही विथड्रॉवल पिरियड म्हणतो. गाई-म्हशींच्या औषधांवर तो छापलेला असतो. या खोक्यावर आकडाच नव्हता. एक वाक्य होतं : माणसांना दूध पुरवणाऱ्या जनावरांना वापरू नये.

म्हणजे प्रश्न किती दिवसांचा नव्हताच. पेस्ट द्यायलाच नको होती, आणि मी सहाव्या गाढविणीपर्यंत पोचलो होतो.

अप्पांची ओळख करून द्यायला हवी. आधी बोअरच्या पाइपांचा धंदा, मग प्लॉटिंग, मग वजन कमी करायची पावडर. पावडर घेणाऱ्यांपैकी फक्त अप्पांचं वजन वाढलं. एके दिवशी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि नळदुर्गच्या अलीकडं हायवेला लागून गाढविणींचं शेड उभं केलं. पूर्वी गाढवीण घेऊन बायका गल्लोगल्ली फिरायच्या, लेकराच्या तोंडात चमचाभर दूध दारातच पिळायच्या. लेकराला डब्बा होऊ नये, म्हणजे छातीत कफ भरून दम लागू नये, म्हणून. तेव्हा शिकलेली माणसं दार लावून घ्यायची. तेच दूध काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून आलं, तेव्हा हीच माणसं एसी गाडीतून उतरून रांग लावू लागली.

त्या दिवशी अप्पांचे सोलापूरचे दोन पाहुणे मोबाइलवर माझं शूटिंग करत होते. “आमचे डॉक्टरसाहेब,” असं अप्पांनी आधीच सांगून ठेवलेलं. कॅमेऱ्यासमोर “मला माहीत नाही” कसं म्हणणार? मनाची समजूतही मी शास्त्रशुद्ध घातली. हे औषध दुधातल्या फॅटमध्ये जास्त उतरतं, गाढविणीच्या दुधात फॅट नावालाच असतं, म्हणजे आठ दिवस भरपूर झाले. खोटं बोलायला शिक्षणाचा फार उपयोग होतो.

पुढच्या आठवड्याच्या अखेरीस बेंबळीला अक्काकडं बारसं होतं. अक्का माझी थोरली बहीण, बाळ तिचा नातू. तिचा मुलगा सचिन, बाळाचा बाप, पुण्याला कंपनीत आहे. ब्रेडवरची तारीख वाचल्याशिवाय पाकीट उघडत नाही. जेवणं झाली आणि त्यानं थर्मासमधून बाटली काढली. मी बाटली ओळखली.

“कुठून आणलीस?”

“नळदुर्गहून, मामा. सकाळी येतानाच घेतली. एक चमचा दिला पण.”

“दिला?”

“व्हय, पाजला की,” अक्का म्हणाली. “मिटक्या मारत पेलं लेकरू. आता निजायच्या आधी दुसरा.”

मी बाटली उचलली आणि मोरीत ओतली.

“येड लागलं का रं तुला?” अक्का ओरडली. बायका बघायला लागल्या. “सोन्यासारखं दूध मोरीत? भाच्यानं आणलेलं बघवंना व्हय?”

“मामा, डॉक्टरांच्या देखरेखीखालचं आहे ते,” सचिन समजुतीच्या सुरात म्हणाला. “बोर्डावर लिहिलंय. त्यांच्याकडं व्हिडिओपण आहे.”

“कोण डॉक्टर आहे व्हिडिओत?”

“ते कोण बघतंय?”

त्यानं मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि एकदा पडद्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मला जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं. हे औषध इतक्या लहान लेकरांना देत नाहीत. मेंदूवर परिणाम होऊ शकतो. चमचाभर दुधात ते कितपत आलं असेल, मला माहीत नाही. आलंच नसेल, असंही सांगता येत नाही.

 बाळाच्या आईनं पाळण्यातून बाळ उचललं. “गाडी काढा,” ती सचिनला म्हणाली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

धाराशिवच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासलं. हातपाय, डोळे, श्वास सगळं ठीक होतं, तरी रात्रभर ठेवून घेतलं. कंपनीत पंचवीस जणांना हुकूम सोडणारा सचिन बाकावर बसून बाळाच्या टोपीचा बंद नुसता सोडत-बांधत होता. त्याची कीव करावी इतकाही मोठेपणा माझ्याकडं शिल्लक नव्हता.

“हे दूध चालेल असं सांगितलं कुणी?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

त्यांनी माझा हुद्दा विचारला. मी सांगितला. त्यांनी तो केसपेपरवर लिहून घेतला; शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी बाळ घरी गेलं. काही झालं नव्हतं. मी थेट शेडवर गेलो. रस्ताभर अप्पांना काय काय बोलायचं ते जुळवत होतो. लबाड, लोभी, लेकरांच्या जिवावर उठलेला. सगळं तयार होतं.

“अप्पा, दूध कधी सुरू केलंत?”

“नवव्या दिवशी सकाळी,” अप्पा म्हणाले. “आठ दिवस पार वतून दिलं बघा. पोरं म्हनली, कुणाला कळतंय? म्या म्हनलं, न्हाय. डॉक्टरचा शब्द हाय.”

आयुष्यात या माणसानं एकच नियम पाळला होता, आणि तो मी बनवलेला होता.

“तो आकडा खोटा होता. विक्री बंद करा.”

“आता सांगता व्हय? लेकराला काय झालं का?”

“नाही झालं.”

“मग झालं तर!”

फोनवर आणि पुढं बारशाच्या पाहुण्यांत हाच निकाल लागला. अप्पांच्या वहीतून नंबर उतरवून, ज्यांनी दूध नेलं त्यांना मी फोन केले. एकानं मला गायीच्या डेअरीचा दलाल म्हटलं. एका शिक्षिकेनं सांगितलं, आमच्या बाळाचा आवाज लई गोड झालाय. लेकरू जगलं म्हणजे दूध चांगलं, असं मानणाऱ्यांना काय समजावणार? फक्त एका बाईनं विचारलं, “मग आता मी काय करू?” तिला मी बाळाला दवाखान्यात दाखवायला सांगितलं. त्यापलीकडं तिला द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

वरिष्ठांना मी स्वतःच कळवलं. खुलासा मागवला गेला, वेतनवाढ रोखली गेली. अप्पांनी माझ्या आग्रहाखातर बोर्डावरची डॉक्टरांची ओळ पुसली. तिथं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं रंगवून घेतलं. विक्री वाढली. जंताची पेस्ट आता ते स्वतःच देतात आणि दिवसही स्वतःच ठरवतात. त्यासाठी माझं लायसन लागतं, अशी त्यांची समजूत होती. तीही गेली.

अक्का बोलते माझ्याशी. पण तिची म्हैस आजारी पडली की फोन दुसऱ्या डॉक्टरला जातो. योग्यच करते. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.