सरांनी मागितलेली बाग

शहराचा नवा विकास आराखडा करायचा होता आणि या वेळी लोकांना आधी विचारणार, असं जाहीर झालं. आमच्या वॉर्डाची बैठक शाळेच्या सभागृहात ठेवली होती. हे त्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घालून कितीतरी आधीच निघाले.

"अहो, अजून कुणी आलेलं नसेल," मी म्हटलं.

"नसू दे. पुढची जागा मिळेल."

सोबतीला शेजारचे चाचा होते. चाचांचं आयुष्य बोटीवर गेलेलं, त्यामुळे नकाशा म्हटला की त्यांना उत्साह येतो. मीही मागोमाग गेले.

पुण्याहून आलेल्या दोन मुलींनी टेबलावर आमच्या भागाचा भलामोठा नकाशा अंथरला होता. जे हवं ते जिथे हवं तिथे टिकली लावून दाखवायचं. हिरवी टिकली बागेची, निळी पार्किंगची, पिवळी दवाखान्याची. बराच वेळ कुणी हात लावेना. मग एकाने धीर करून निळी टिकली लावली, ती नेमकी त्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात. शेजारी तिथेच उभा होता. त्याने ती नखाने सोडवली आणि लावणाऱ्याच्या गोठ्यावर नेऊन चिकटवली. त्यानंतर मात्र लोकसहभागाला जोर आला.

ह्यांनी टिकली लावली नाही. ते भाषणाला उभे राहिले. वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी जायचं कुठे, असा त्यांचा सवाल होता. "जिथे मोकळी जमीन दिसेल तिथे बागेचं आरक्षण टाका," ते म्हणाले. "आणि जमीनमालकांनीही थोडा मोठा विचार करायला शिकलं पाहिजे." टाळ्या पडल्या. मुलींनी सगळं लिहून घेतलं. घरी येईपर्यंत ह्यांची मान ताठ होती.

पुढे कित्येक महिन्यांनी प्रारूप आराखडा लोकांना बघण्यासाठी लावला. चाचा पहिल्याच दिवशी बघून आले.

"सर, मुबारक हो. तुमची बाग आली नकाशात."

"कुठे?"

चाचांनी चपला काढायला जरा जास्तच वेळ लावला. "तुमच्या कातळावर," ते म्हणाले.

कातळ म्हणजे चढणीच्या वरचा आमचा सात गुंठ्यांचा तुकडा. जांभ्या दगडाची उघडी जमीन, एका बाजूला दगड रचून केलेला गडगा आणि पालीहून रोपं आणून ह्यांनी जगवलेली काजूची चार झाडं. मुलगा मुंबईत नोकरीला. तो कधीतरी रत्नागिरीला परत येईल आणि तिथे घर बांधेल म्हणून निवृत्तीच्या पैशातून घेतलेली जागा. वॉर्डात मोकळी म्हणावी अशी जमीन तेवढीच उरली होती.

"असं कसं परस्पर ठरवतात?" हे म्हणाले. "लोकांना विचारायला नको?"

"तुम्हाला विचारलं होतं ना," मी म्हटलं. ते चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चाचांना गाठलं. चाचांच्या घरामागे नारळाची वाडी आहे. "बाग खरं तर तुमच्या वाडीत जास्त शोभेल," हे म्हणाले.

"शोभेल काय, शोभतेच हाय," चाचा म्हणाले. पण हरकत नोंदवायला आणि पुढे सुनावणीलाही ते सोबत आले. तेवढी दोस्ती होती.

सुनावणीचे अधिकारी फार सभ्य होते. त्यांनी ह्यांना बसायला सांगितलं, फाईल वाचली आणि विचारलं, "सर, या बागेची सूचना कुणाची?"

"नागरिकांची."

"त्यांतल्या कुणाची?"

ह्यांनी चष्मा पुसला. "माझी."

"आणि हरकत?"

"तीही माझीच. मी तत्त्व सांगितलं होतं, जागा नव्हती सांगितली."

"तत्त्वाला कुठेतरी जमीन लागते, सर," साहेब शांतपणे म्हणाले. "मी दोन्हींची नोंद घेतो." चाचा खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू आलं होतं, पण ते मी आवरलं. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे.

रिक्षात ह्यांचा चेहरा असा पडलेला की त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला. रात्री मुलाला फोन लावून त्यांनी सगळं सांगितलं, त्याच्या हबकून जाण्याची वाट बघत.

मुलगा म्हणाला, "बाबा, एवढी धावपळ करू नका. तुम्हाला सांगणारच होतो, आम्ही इथेच फ्लॅट बघतोय. शाळा, हिची नोकरी... तिकडे येऊन राहणं आता होणार नाही."

"बरं," हे म्हणाले. "बघ, पण पाण्याची चौकशी कर आधी." आणि फोन माझ्याकडे दिला.

आराखडा मंजुरीसाठी वर गेला आहे. निर्णय अजून आलेला नाही. तोवर जागेवर बांधताही येत नाही आणि ती विकताही येत नाही. मात्र नकाशात हिरवा रंग बघितल्यापासून गल्लीतली माणसं संध्याकाळी सरळ तिथे जायला लागली आहेत. 'बागेत जाऊन येतो' असंच म्हणतात. सुरुवातीला हे त्यांना हटकायला जायचे. आता नुसतेच जातात. चाचा असतात, दोन-तीन निवृत्त मंडळी असतात. खाली समुद्राचा एक तुकडा दिसतो, तोही एवढी वर्षं आम्ही कधी थांबून बघितला नव्हता.

परवा मीही गेले होते. वरच्या आळीतल्या एक बाई फेऱ्या मारता मारता थांबल्या. "सर, इथे नळाची सोय कधी होणार? तहान लागते."

हे गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचत होते. "निर्णय यायचाय," ते म्हणाले, आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांनी बाईंच्या हातात दिली.