पाठीशी वारं

"मॅडम, साहेब म्हणतेत सरळ उतरवा. फेरा कशाला?"

कॉकपिटच्या पडद्यातून डोकं खुपसून पी.ए. बोलत होते. मी आठ सीटचं चार्टर विमान मुंबईहून चिकलठाण्याला आणत होते. मागं दुष्काळ पाहणी समितीचे अध्यक्ष. ऑगस्ट निम्मा सरलेला, शिवार करपलेलं. शहर मात्र एवढं वाढलेलं की टँकर पुरत नव्हते. विमानतळाबाहेर शामियाना, हार, पत्रकार, सगळी तयारी होती.

"वारं पाठीमागून आहे," मी म्हणाले.

"मग तर झ्याकच की! पाठीशी वारं असल्यावर अजून काय पाहिजे?"

आता या माणसाला काय सांगू! राजकारणात ते ठीक. विमानाला उतरताना वारं समोरून लागतं, त्यानं वेग मरतो. पाठीमागून असलं की विमान लांब जाऊन टेकतं, ब्रेकला जागा उरत नाही आणि ते रनवेचं टोक ओलांडून बाहेर जातं. याला ओव्हररन म्हणतात. टॉवरनं सांगितलेलं वारं आमच्या विमानाला झेपणारं नव्हतं. मी विमान वर घेतलं. रनवेच्या पलीकडच्या टोकाला, शेंद्र्याकडून वळसा घालून समोरच्या वाऱ्यात उतरायचं ठरवलं.

मागून अध्यक्ष गरजले, "उतरल्यावर मालकाला फोन लावा. ही बाई पुन्हा नको!"

आमच्या चार्टर कंपनीच्या मालकांचा नियम एकच, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. नोकरी गेली तर या वयात दुसरं विमान मला कोण देणार होतं?

आणि नशीब बघा. आम्ही वळसा घालेपर्यंत पश्चिमेकडून एक दांडगी सर आली आणि रनवे भिजवून गेली. वर्षभराची धूळ, टायरचं रबर आणि वर पाणी! मी जिथं टेकायचं तिथंच टेकले, पण चाकं घसरत गेली. टोक ओलांडून आम्ही चिखलात रुतलो. पुढं कंपाउंडची भिंत, पलीकडं नवी कॉलनी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मालकांचा फोन आला. "सरळ उतरला असता तर रनवे कोरडा मिळाला असता की नाही?"

"मिळाला असता, सर. पुरला नसता."

"उद्यापासून येऊ नका."

बाहेर शामियाना कोसळला होता आणि कार्यकर्ते भिजत नाचत होते. "लई पायगुण साहेबांचा! आले अन् पाऊस आला!" चिखलानं भरलेल्या बुटांनिशीच अध्यक्षांनी हार घालून घेतले. दुष्काळाची पाहणी तेवढी राहिली.

यथावकाश चौकशी झाली. माझा निर्णय बरोबर ठरला. मालक म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण साहेबांचं काय?"

मग एक दिवस पी.ए.चा फोन आला. "मॅडम, लातूरचा दौरा हाय. विमान तुम्हीच आणायचं. मालकाशी बोललोय."

"अहो, साहेब तर रागावले होते ना?"

"व्हय. पण आम्ही इचार केला. साहेब सारखेच फिरतेत, पाऊस कुठं पडतो? पायगुण तुमचा हाय!"

झालं! चौकशीला जे जमलं नाही ते पायगुणानं केलं. नोकरी परत मिळाली.

लातूरला मी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं विमान उतरवलं. वारं समोरून, रनवे कोरडा, आभाळ निरभ्र. विमान नीट उतरलं तर आमच्या धंद्यात कुणी दखल घेत नाही, असं मी तोवर समजत होते. पी.ए.नी घेतली. दारात थांबून त्यांनी आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मॅडम," ते कळवळून म्हणाले, "या टायमाला काय चुकलं?"