उजव्या रॅम्पची पिन

उत्तरेकडच्या डोंगरात रस्ता उघडा ठेवणाऱ्या एका इंजिनिअर कंपनीत माझी पोस्टिंग होती. मी वेल्डर, रँक हवालदार. वर्कशॉप म्हणजे एक तंबू, एक जनरेटर, वेल्डिंग सेट आणि गॅस कटर. कंपनीत खानदेशातले आम्ही दोघंच. मी पारोळ्याजवळचा. दुसरा भिला पाटील, रँक नायक, डोझर ऑपरेटर, अमळनेर तालुक्यातला.

भिला प्रत्येक गोष्ट विचारायचा. मशीनवर चढण्याआधी भोवती एक फेरी, उतरल्यावर एक फेरी. डिझेल पाहिलं का, पाणी पाहिलं का, मागे कोणी उभं आहे का. सुभेदार करतार सिंग त्याला 'पूछताछ' म्हणायचे. "पूछताछ आ गया, अब आधा घंटा गया." भिला हसायचा आणि पुन्हा विचारायचा.

इतरांशी आम्ही हिंदीत बोलायचो, आपसात अहिराणीत. अहिराणीत 'बठ्ठं' म्हणजे सगळं. हा शब्द भिलाच्या तोंडी दिवसातून वीस वेळा यायचा. हिंदी कानांना तो 'बैठा' असा ऐकू जायचा. एकदा लंगरमध्ये, म्हणजे जेवणाच्या तंबूत, त्यानं मला विचारलं, "बठ्ठा उनात का?" म्हणजे सगळे आले का. भात वाढणारा बिहारी कुक म्हणाला, "बैठा कहाँ, भाई? मैं बैठ गया तो खिलाएगा कौन?" त्या दिवसापासून पंगत बसली की कोणीतरी आम्हा दोघांकडे बघून 'बठ्ठा?' असं ओरडायचंच.

मग कंपनीला नवा, जड डोझर मिळाला. ट्रेलर जुनाच होता आणि त्याचे रॅम्प आखूड. चढ इतका उभा की डोझर टोकावर पोचला की पुढून उचलला जायचा आणि ट्रेलरवर आदळायचा. साहेबांनी हुकूम दिला, दोन्ही रॅम्प दोन-दोन फूट वाढव.

तीन दिवस काम चाललं. वेल्डिंग चांगलं झालं होतं, हे मी आजही सांगेन. पण रॅम्प लांब झाल्यानं उतार बदलला, आणि वरचा हूक ट्रेलरच्या आडव्या पाइपवर आधीसारखा बसेना. मी हुकाचं तोंड कापून रुंद केलं. त्यामुळे सेफ्टी पिनची भोकं सरकली. पिन असते ती हूक पाइपवरून उसळू नये म्हणून. डावीकडे नवं भोक पाडलं. उजवीकडे पाडताना ड्रिल बिट तुटलं. स्टोअरमध्ये दुसरं नव्हतं. नवं येईपर्यंत उजवा रॅम्प साखळीनं ट्रेलरला आवळून बांधायचा, असं मी ठरवलं. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. भिलाला मात्र सांगितलं.

तो दोन्ही बाजूंनी वाकून पाहून आला. "म्हंजे एक पिन, एक साखयी. बठ्ठं व्हयनं का तू सांगशी. मंगच मी हालसू."

"हा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ०६१५ वाजता रेडिओवर निरोप आला. अकरा किलोमीटर पुढे दरड कोसळली होती, कॉन्व्हॉय पलीकडे अडकला होता. ०६४० ला डोझर ट्रेलरवर चढवला. तेव्हा पिन आणि साखळी, दोन्ही लावल्या होत्या. ०७५० ला जागेवर पोचलो. धुकं होतं. रॅम्प खाली सोडले. भिला डोझरवर जाऊन बसला, इंजिन चालू केलं. ग्राउंड गाइड, म्हणजे खालून इशारे देणारा, मीच होतो. रेडिओ ऑपरेटर माझ्या शेजारी उभा होता.

मी डाव्या रॅम्पची पिन आत ठोकत होतो. साखळी अजून पेटीतच होती.

रेडिओ बोलला, "डोजर नीचे उतरा? ओवर."

ऑपरेटरनं मला विचारलं, "उस्ताद, रॅम्प लगा?"

तेवढ्यात वरून, इंजिनच्या आवाजातून, भिला ओरडला, "बठ्ठं?"

मला 'बैठा?' असं ऐकू आलं. पिन त्याच क्षणी बसली होती. मान वर न करता मी अंगठा दाखवला आणि म्हणालो, "बैठा."

त्यानं काय ऐकलं असेल, ते सांगायला नको.

खरंच मला 'बैठा' ऐकू आलं होतं का, हे मी स्वतःला चौदा वर्षं विचारतो आहे. भिला माझ्याशी हिंदीत कधीच बोलला नव्हता.

०७५६ ला त्यानं डोझर मागे घेतला. वजन उजव्या रॅम्पवर येताच हूक पाइपवरून उसळला. रॅम्प निसटला आणि डोझर उजव्या कुशीवर पडला. भिला त्याच बाजूनं खाली सापडला. जॅक लावून त्याला बाहेर काढायला चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर कॉन्व्हॉयबरोबर होते, दरडीच्या पलीकडे. ते असते तरी उपयोग झाला नसता, असं नंतर मला सांगण्यात आलं.

चौथ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली.

"मशीन हलवायचा इशारा तुम्ही दिला होता?"

"नाही साहेब. रॅम्प बसला, एवढंच रेडिओवाल्याला सांगितलं. साखळी बांधायच्या आत त्यानं मशीन हलवलं."

रेडिओ ऑपरेटरची नजर त्या सकाळी सेटवर होती. माझा अंगठा फक्त भिलानं पाहिला होता.

निष्कर्ष असा लिहिला गेला: ऑपरेटरनं ग्राउंड गाइडच्या इशाऱ्याची वाट न पाहता मशीन हलवलं. मला रॅम्पच्या अपुऱ्या कामाबद्दल ताकीद मिळाली. मी ती खाली मान घालून घेतली. लोकांना वाटलं, मित्र गेल्याचं दुःख आहे. तेही होतंच.

पेन्शनवर आल्यावर मी सोनगीरला हायवेलगत वेल्डिंगचं दुकान टाकलं. ट्रेलर बांधतो, रॅम्प बनवतो. दर दिवाळीला भिलाच्या गावी जायचो. त्याचे वडील, आबा, ओट्यावर बसलेले असायचे. निकालाचा कागद गावातल्या कोणीतरी त्यांना वाचून दाखवला होता. दर वर्षी ते भिलाच्या लहानपणाची एखादी गोष्ट काढायचे. "तो पयलापाईनच घाईवाला. गाडं उभं ऱ्हावाना आधीच उडी मारे." पुढच्या वर्षी दुसरी गोष्ट, तीही घाईचीच. ज्या माणसाला कंपनी पूछताछ म्हणायची, त्याला त्याचा बाप घाईचा म्हणून आठवत होता. मी चहा प्यायचो आणि उठायचो.

यंदा पारोळ्याचा एक मिनी एक्स्कॅव्हेटरवाला ट्रेलर घेऊन आला. "नाना, रॅम्प दोन फूट वाढवी द्या. अन् पिना नका लावू, काढा-घालानी कटकट ऱ्हास."

"पिन नसेल तर रॅम्पही नाही."

तो हसला. "तुमी मिल्ट्रीवाला. बठ्ठं जादाच करतस."

त्याच्या रॅम्पना मी आधी पिनची भोकं पाडली, मग लांबी वाढवली. दुपारी दुकान बंद केलं आणि मोटरसायकलवरून भिलाच्या गावी गेलो. दिवाळीला अजून वेळ होता. आबा म्हणाले, "आज कसा काय उना रे?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. साखळी, शब्द, अंगठा आणि कोर्टापुढचं खोटं.

आबा म्हणाले, "त्यानी इचारं व्हतं?"

"हा, आबा. इचारं व्हतं."

"अन् तू हा म्हना."

"हा."

"इतली दिवाया तू आठे चहा पिना."

त्या दिवशी चहा आला नाही.

निघताना त्यांनी हाक मारली. "लिखी दे. माले वाचता येस नही. पन ज्यासनी माले त्यानी घाई सांगी, त्यासले वाचता येस."

म्हणून हे लिहिलं आहे. एक प्रत युनिटला पाठवली, उत्तर अजून आलेलं नाही. दुसरी आबांना नेऊन देणार आहे. आत ये म्हणाले तर आत जाईन.

नायक भिला पाटील, डोझर ऑपरेटर. सकाळी सात वाजून छप्पन्न मिनिटांनी त्यानं मशीन हलवलं. त्याआधी त्यानं विचारलं होतं.