फोटोपुरता बाक

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाहीये.

आमच्या कोपर भागातल्या बागेत बाक बसवा म्हणून मी वर्षभर पालिकेच्या मागे लागलेले. आज एकदाचा टेम्पोतून बाक उतरला! ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काकू, बसा ना, काम झाल्याचा फोटो पाठवायचाय." मी बसले. छान हसलेसुद्धा.

फोटो झाला, मी उठले, आणि त्यांनी बाक उचलून परत टेम्पोत टाकला.

"अरे, कुठे नेताय?"

"पुढच्या बागेत. तिथला फोटो बाकी आहे."

"मग माझा फोटो डिलीट कर आधी!"

"तो पालिकेतल्या साहेबांना गेला पण, काकू."

आता तक्रार कुठल्या तोंडाने करू, सांगा. बाक कुठाय विचारलं, की ते माझाच फोटो दाखवणार. हसतेय मी त्यात.