आधीचा उठू द्या

केरबानाना लोकांचे दात काढायचे, पण त्याआधी रिकाम्या पाटाशी बोलायचे. निजामाच्या अमलात आमच्या घाटनांदूरच्या बाजारात कडुलिंबाखाली त्यांचं बस्तान असे. एक माणूस उठला की ते पाटावर लिंबाच्या पाल्याचं उकळतं पाणी ओतत, पक्कड तशाच पाण्यात खळखळू देत आणि पाटाकडं बघून म्हणत, "उठा पाव्हणं, लई झालं." मग जरा थांबून मान हलवत. तोवर पुढचा माणूस गाल धरून कितीही बोंबलो, ते त्याला पाटाला शिवू देत नसत. "आधीचा बसलाय अजून. उठू द्या त्याला."

हैदराबादेच्या एका दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. पाणी उकळणं तिथलं. रिकाम्या पाटाशी बोलायला त्यांना कुणी शिकवलं, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, भलताच तापट. दाढ ठणकत असताना नानांनी थांबवलं तसा तो उखडला. "कशाला भ्या दावतो रं म्हाताऱ्या? कुनी न्हाई हितं!" आणि तरातरा परळीला निघून गेला. तिथल्या दात काढणाऱ्यानं कुण्या वाटसरूच्या तोंडातली पक्कड धोतराला पुसली आणि तशीच दादाच्या तोंडात घातली. घरी येऊन दादानं हे हसत हसत सांगितलं.

दोन-चार दिवसांत त्याचा गाल सुजून डोळा मिटला. अंग तापानं भाजत होतं. वहिनीचा हात धरून तो म्हणाला, "तोंडात तंबाखू हाय. माजी न्हाई." दादानं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. तो आता हातचा जातो या भीतीनं मी नानांकडं धावलो.

झालं गेलं उकरून न काढता नाना आले. सुरी उकळली, कोपरापर्यंत हात धुतले, गळू फोडलं. दुपार कलली तसा ताप उतरला. वहिनी त्यांच्या पाया पडली. मलाही रडू आलं.

तेवढ्यात दादा उठून बसला. वहिनीकडं त्यानं अनोळखी नजरेनं पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाई, चिमूटभर तंबाखू मिळंल का?"

नाना उंबऱ्यात थबकले.

"पू निघाला, पोरी," ते हळूच म्हणाले. "तो न्हाई निघाला."

त्यानंतर नानांनी कुणाच्या तोंडाला हात लावला नाही. दादा पुढं खूप वर्षं जगला. आणि त्याच्यापुढं ताट ठेवताना वहिनी शेवटपर्यंत, परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा, कपाळापर्यंत पदर ओढून घ्यायची.